अक्काची साक्ष

"कुठे लावू, अक्का? इथून वारा लागेल का तुला?"

नाचघराचा मॅनेजर स्वतः स्टुलावर चढला होता आणि त्याच्या हातात कोरा करकरीत पंखा होता. अक्का खाली चटईवर बसून एका निळ्या झग्याचे तुटलेले हुक शिवत होती. तिने मान वर केली नाही. या कपडे बदलायच्या खोलीसाठी ती कित्येक उन्हाळे पंखा मागत होती आणि दर उन्हाळ्यात मॅनेजरला काहीतरी नवी अडचण सापडत होती. आज न मागता पंखा आला होता. शिवाय एरवी "ए म्हातारे" अशी हाक मारणाऱ्याच्या तोंडात आज "अक्का" होतं.

"काय हवंय?" तिने विचारलं.

"काही नाही गं! काही हवं असेल तरच माणसाने दुसऱ्यासाठी काही करावं का?"

"तसंच करा असं मी कुठे म्हणते? पण तुम्ही तसंच करता."

आरशासमोर बसलेल्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. मॅनेजरही हसला. त्यामुळे अक्काचा संशय आणखी बळावला, कारण एरवी एवढ्यावर त्याने खोली डोक्यावर घेतली असती.

संशय हा अक्काचा स्वभावच होता, आणि नोकरीही. तरुणपणी तीही याच धंद्यात नाचायची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ती या खोलीत आली आणि इथलीच झाली. हुक लावायचे, फाटलेलं टाचायचं, तळपायात घुसलेली काच काढायची, दुखऱ्या कमरेला शेक द्यायचा, हे तिचं काम. पण मुलींना तिचा आधार वाटायचा तो वेगळ्याच कारणासाठी. गिऱ्हाइकाने आत पाठवलेलं सरबत ती आधी स्वतः हुंगायची. बाहेर कोणी गाडी लावून ताटकळत असेल तर त्याच्याकडे पडद्याआडून बघून सांगायची, "याच्यासमोरून जाऊ नकोस गं." ती चुकायची क्वचितच. खोलीत सगळ्यांत उंच असलेली, म्हणून लांबडी म्हटली जाणारी मुलगी म्हणायची, "अक्काच्या स्वप्नात देव आला तरी ती आधी ओळखपत्र मागेल."

पंखा लावून झाल्यावर मॅनेजर खाली उतरला आणि हात झटकत मुद्द्यावर आला. शहरातली नाचघरं चालू ठेवायची की कायमची बंद करायची, हे ठरवायला नगरपालिकेने एक समिती नेमली होती. पुढच्या आठवड्यात सभागृहात जाहीर सुनावणी होती.

"तू इथली सगळ्यांत जुनी. तू उभी राहून बोललीस तर त्याला वजन येईल. फार काही नाही. मुली आपल्या मर्जीने येतात, कोणी डांबून ठेवत नाही, मागचं दार कायम उघडं असतं. बस, एवढंच."

अक्काने मागच्या दाराकडे पाहिलं. त्याला टेकवून रिकाम्या बाटल्यांची खोकी पार वरच्या कडीपर्यंत रचलेली होती.

"हे आधी हलवा."

"हलवतो ना. उद्याच."

तो 'उद्या' अक्काच्या चांगला ओळखीचा होता.

मॅनेजर गेल्यावर खोलीत वादाला तोंड फुटलं.

"बंद झालं तर मी काय करू?" लांबडी म्हणाली. "शिवणकामाच्या कारखान्यात होते मी. तिथला मुकादम अंगचटीला यायचा, आणि वर मीच त्याला भुलवलं म्हणून मलाच काढलं. इथे निदान कोणी हात लावला तर दारातला माणूस त्याला बाहेर फेकतो."

"दारातला माणूस रोज शुद्धीवर असतो का?" दुसरी म्हणाली. ती बुटकी आणि भित्री, म्हणून चिमणी. "माझं विचारशील तर उद्या बंद होऊ दे. रोज कोणीतरी बंद करेल, कोणीतरी बंद करेल, असं वाटत राहतं. माझ्याच्याने काही हे सुटत नाही."

"मग सोड की! तुझ्यापायी माझं का बंद व्हावं?"

अक्का मध्ये पडली नाही. तिला दोघींचंही पटत होतं, आणि तेच अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जरा उशिराच उठली. बाहेरच्या खोलीत कोणीतरी बोलत होतं. आवाज स्वच्छ, एकेक शब्द वेगळा काढून बोलणाऱ्या बाईचा. अक्का दारात आली तर सून पाहुण्या बाईंना चहा देत होती. केस पिकलेले, चष्मा दोरीला अडकवलेला, मांडीवर फळांची पिशवी.

"या, बसा," पाहुणी बाई अक्कालाच तिच्या घरात म्हणाली, आणि चूक लक्षात येऊन ओशाळली. "सवय हो. आयुष्यभर शाळा चालवली. आता निवृत्त झाले."

अक्काने ओळखलं. नाचघरांविरुद्ध सह्या गोळा करत फिरणाऱ्या ताई त्या याच. चौकातल्या भिंतींवर त्यांचे फोटो लागले होते.

"तुमच्याबद्दल ऐकलंय मी," ताई म्हणाल्या. "तुमच्या त्या मैत्रिणीबद्दलही. जी गेली, आरशामागे."

त्या दिवसांनंतर ही गोष्ट अक्काने आयुष्यात एकदाच, एकालाच सांगितली होती. आपल्या मुलाला. तो मोठा होऊन एकदा भांडला होता, तेव्हा. मुलाने ती फार तर बायकोला सांगितली असेल. मुलगा घरचं बाहेर सांगणाऱ्यांतला नव्हता. म्हणजे सून. अक्काने तिच्याकडे पाहिलं. सून खाली बघून चहाचा ट्रे पुसत होती. ट्रे कोरडाच होता.

सुनेवर अक्काचा डोळा आधीपासून होता. लग्न होऊन आल्यापासून ती अक्काचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची. तोंडाने कधी काही बोलली नाही, पण ती वेगळी बादली अक्काच्या मनातून जात नव्हती. आपल्या कपड्यांचा हिला विटाळ वाटतो, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

"फळं कशाला आणलीत?" तिने ताईंना विचारलं. "आजारी नाही मी."

"रिकाम्या हाताने कसं यायचं?"

"काल एक जण पंखा घेऊन आला होता. तोही रिकाम्या हाताने आला नव्हता."

ताईंना ते लागलं, पण त्या उठल्या नाहीत. कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "माझी एक विद्यार्थिनी होती. गणितात इतकी हुशार की तिच्या वह्या मी घरी नेऊन नवऱ्याला दाखवायचे. वडील गेले आणि ती शाळेत येईनाशी झाली. मी चौकशी केली नाही. वाटलं, गावी गेली असेल. पुढे एकदा रस्त्यात भेटली. तुमच्यासारख्याच एका जागेतून बाहेर पडत होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. तोंड फिरवलं हो तिने. मला बघून." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "तुम्ही फक्त खरं सांगा. तुमच्या मैत्रिणीचं काय झालं, तेवढंच. मुलींसाठी आम्ही शिवणवर्ग काढणार आहोत, नुसतं बंद करून सोडून देणार नाही."

बाई खोटं बोलत नव्हती, एवढं अक्काला कळलं. पण खरं बोलणारी माणसंही आपल्याला हवं तेवढंच ऐकतात, हेही ती जाणून होती. "बघते," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने सुनेशी बोलणं कामापुरतं ठेवलं. सुनेनेही कारण विचारलं नाही. मुलगा बसच्या आगारात मेकॅनिक होता. तो ग्रीसने काळे हात घेऊन यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. घरात माणसं तीन, आणि तिघांचीही तोंडं तीन दिशांना.

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. एका बाजूला ताईंची माणसं, दुसऱ्या बाजूला नाचघरांचे मालक आणि त्यांचे वकील. मुलींपैकी लांबडी तेवढी आली होती, सर्वांत मागे, काळा चष्मा लावून. अक्का कुठे बसावं ते न कळून भिंतीला टेकून उभी राहिली. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि ताईंच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर तिला आपला मुलगा दिसला. आगारातून सुट्टी घेऊन आला असणार. आईला धीर द्यायला, असं तिने मनाशी म्हटलं. जागा मिळाली तिथे बसला असेल.

तिचा नंबर आला. समितीचे अध्यक्ष थकलेले होते. सकाळपासून ते तेच तेच ऐकत होते.

"थोडक्यात सांगा, बाई. चालू ठेवावं की बंद करावं?"

"थोडक्यात नाही सांगता येणार, साहेब."

"प्रयत्न करा."

अक्काने रेलिंग धरलं. मॅनेजरने पढवलेलं तिला आठवत होतं, ताईंनी मागितलेलंही. दोन्ही बाजूला सारून ती बोलू लागली.

"मी तरुण होते तेव्हा या शहरात नाचघरांवर बंदी आली होती. तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. बंदी आली, पण गिऱ्हाईक कुठे गेलं? आम्ही तरी कुठे जाणार? एका गोदामाखालच्या तळघरात सगळं सुरू झालं. धाड पडली की आम्हाला मोठ्या आरशामागे कोंबायचे. तिथे भिंत पोखरून जागा केली होती. उभं राहण्यापुरती. आरसा बाहेरून बंद व्हायचा."

मागचे लोक ऐकायला पुढे सरकले.

"माझी एक मैत्रीण होती. तिला आम्ही कोकिळा म्हणायचो, कारण ती इतकं बेसूर गायची की कुत्री उठून जायची." कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "तिला दम्याचा त्रास होता. त्या दिवशी पोलीस बराच वेळ बसून राहिले. बाहेर खुर्च्या सरकवल्याचं ऐकू येत होतं, चहा मागवलेला ऐकू येत होता. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून तिने माझा दंड दातांनी घट्ट धरला होता. मग तो चावा सुटला. मला वाटलं, बरं वाटलं तिला."

अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

"तक्रार करायला गेलो तर म्हणाले, कुठे मेली? तळघरात. कसलं तळघर? तिथे तर काहीच चालत नाही. जी जागाच नव्हती, तिथे कोणी मरेल कसं? तिची कुठे नोंदसुद्धा झाली नाही."

"म्हणजे चालू ठेवा, असं तुमचं म्हणणं!" मालकांचा वकील उत्साहाने उठला.

"बसा हो, अजून झालेलं नाही माझं," अक्का म्हणाली. "बंदी उठली, पुढे गुडघे गेले तेव्हा मी या नोकरीला लागले, ते मागच्या दारासाठी. कायद्यात आहे म्हणाले, कपड्यांच्या खोलीला बाहेर जायचं दार हवं. आज त्या दाराला बाटल्यांची खोकी लावून ठेवली आहेत. सांगून सांगून माझी जीभ झिजली. दार तपासायला येतात ते नगरपालिकेचे साहेब पुढच्या खोलीत बसून सरबत पितात आणि जातात."

मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही बाजूंनी एकदम आरडाओरडा सुरू झाला. वकील म्हणाला, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" ताईंच्या बाजूचा एक तरुण उभा राहून ओरडला, "बघा! त्यांचीच बाई सांगतेय, मुली गुदमरून मरतात!"

"अहो, ती बंदीच्या वेळी..." अक्का म्हणाली, पण माईक तोवर पुढच्या माणसाच्या हातात गेला होता.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो होता. सुनेने पेपर तिच्यासमोर ठेवला. "नाचघरात तरुणी गुदमरून ठार: जुन्या कर्मचारी महिलेची साक्ष." खालच्या मजकुरात बंद दार होतं, खोकी होती, दम्याची मैत्रीण होती. बंदीचा उल्लेख कुठेही नव्हता. तो मजकूर वाचून कोणालाही वाटलं असतं, मैत्रीण गेल्या महिन्यात त्या खोक्यांमागेच मेली.

अक्काने पेपर दोनदा वाचला आणि घडी घातली. मग इतके दिवस कोंडलेलं सगळं तिने सुनेवर काढलं.

"झालं तुझं समाधान? त्या बाईला घरात आणलंस. माझ्या मेलेल्या मैत्रिणीची गोष्ट तिला देऊन टाकलीस. एवढीच लाज वाटत होती तर तोंडावर म्हणायचं होतंस."

आतल्या खोलीतून मुलगा बाहेर आला. शर्टाची बटणं लावता लावता थांबला.

"तिला काही बोलू नकोस, आई. मी सांगितलं."

अक्काला वाटलं, बायकोला पाठीशी घालतोय. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. परक्या माणसाला ती पडद्याआडून ओळखायची, आणि समोरच्या पोटच्या पोराला तिने आज पहिल्यांदा तसं पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता.

"का?"

"माझ्याबरोबरचे लोक तिथे येतात. दुसऱ्या दिवशी डबा खाताना बोलतात. कुठली कशी वाकली, कुठलीला काय म्हणालो. त्यांना माहीत नाही, माझी आई तिथे आहे. मी घास गिळत बसतो." त्याने उरलेली बटणं लावली. "लहान असल्यापासून मला वाटायचं, ती जागा बंद झाली की तू संध्याकाळी घरी असशील. बाकी काही नव्हतं मनात. ताईंच्या शाळेत शिकलोय मी. त्यांना जाऊन सांगितलं."

"मला सांगायचं होतंस."

"तू विश्वास कोणावर ठेवतेस?"

एवढं बोलून तो कामावर गेला. डबा घरीच राहिला.

अक्काने पेपर बाजूला सारला. मग अक्का म्हणाली, "मला वाटलं, तू."

"माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. आणि यांचं नाव कसं घेणार?"

अक्काने मान हलवली. आता विचारायचंच तर सगळंच विचारावं, म्हणून तिने विचारलं, "आणि माझे कपडे वेगळे का धुतेस?"

सून क्षणभर बघतच राहिली. "चमकी, अहो! तुमच्या कपड्यांना त्या झग्यांची चमकी चिकटलेली असते. एकदा यांच्या कामाच्या शर्टाला लागली, तर आगारात दिवसभर यांची टर उडवली सगळ्यांनी."

अक्काला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. सुनेने विषय वाढवला नाही. मुलाचा डबा उचलून ती म्हणाली, "मी देऊन येते. तुम्ही येताय?" अक्का उठली. आगाराच्या फाटकापर्यंत दोघी गेल्या. आत जायचा धीर अक्काला झाला नाही. मुलगा बाहेर आला, डबा घेतला आणि आईकडे बघून म्हणाला, "ऊन आहे. सावलीतून जा." त्या दिवसापुरतं तेवढं पुरे झालं.

समितीचा निकाल लवकरच लागला. नाचघरं बंद. अहवालात अक्काच्या साक्षीचा खास उल्लेख होता. ताई घरी आल्या, या वेळी रिकाम्या हाताने. त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसासारखा नव्हता.

"मी पेपरवाल्यांना पत्र लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं अर्धंच छापलं म्हणून. छापलं नाही त्यांनी."

"तुम्हाला कळलं होतं का, मी काय म्हणत होते ते?"

"तिथे नाही कळलं. घरी गेल्यावर कळलं." ताईंनी चष्मा काढून पुसला. "तरी मी बंदच करा म्हणाले असते. खोटं कशाला बोलू?"

अक्काला त्या बाईबद्दल पहिल्यांदाच थोडा विश्वास वाटला.

शिवणवर्ग खरंच सुरू झाला. चिमणी जाऊ लागली. लांबडी गेली नाही. मॅनेजरने शहराबाहेर कोणाच्या तरी बंगल्यात 'खासगी क्लब' काढल्याची कुजबुज होती.

"तळघर आहे का तिथे?" अक्काने लांबडीला विचारलं.

"कोणाला माहीत."

"नको जाऊस."

"मग कुठे जाऊ, ते सांग," लांबडी म्हणाली. रागाने नाही, खरोखर विचारावं तसं. अक्का म्हणाली, "गेलीस तर मला आधी जागा दाखव. मी बघते. त्याशिवाय पाऊल टाकू नकोस." लांबडीने हो म्हटलं. ते हो किती खरं, हे अक्काला कळेना.

नाचघराला सील लागायचं होतं त्या दिवशी दुपारी मुली आपापलं सामान घ्यायला आल्या. बातमी फुटली होती. समोरच्या फुटपाथवर बघ्यांची गर्दी जमली होती, फोन उगारून. मॅनेजर फिरकला नाही. अक्काने मुलींना तोंडं धुवायला लावली, केस साधे बांधायला लावले, आणि दोन-दोन करून पुढच्याच दाराने सोडलं. साधे कपडे, हातात कापडी पिशव्या, पायात झिजलेल्या चपला. चिमणीने तर काखेत छत्री मारली होती. त्या गर्दीच्या कडेने गेल्या, कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कोणी एकही फोन त्यांच्याकडे वळवला नाही.

अक्का सर्वांत शेवटी बाहेर पडली. पायऱ्यांजवळ एक मध्यमवयीन माणूस टाचा उंचावून दारात बघत होता.

"अहो काकू, तुम्ही आतूनच आलात ना? त्या कधी येणार बाहेर?"

"कोण?"

"त्या नाचणाऱ्या हो. केव्हापासून उभे आहोत आम्ही."

अक्काने थांब्याकडे पाहिलं. बसचा पत्ता नव्हता. लांबडी पिशवी पायांशी ठेवून केस बांधत होती. अक्का सरकली आणि त्या माणसाच्या नि थांब्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"येतील," ती म्हणाली. "दाराकडे लक्ष ठेवा."

तो दाराकडे बघत राहिला. बस येऊन सुटेपर्यंत अक्का जागची हलली नाही.